वाफसा नसलेल्या जमिनीतला ओक

मृगाचा दमदार पाऊस झाला तरी जाणता शेतकरी दुसऱ्याच दिवशी तिफण जुंपत नाही. दोन दिवस दम धरतो. मग शेतात जाऊन मूठभर माती उचलतो, मुठीत दाबून तिचा गोळा करतो आणि खाली सोडतो. गोळा चिखलासारखा थापकन बसला तर अजून थांबायचं. पडून फुटला तर वाफसा आला, पेरायला हरकत नाही. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा एकाच वेळी असणं, म्हणजे वाफसा. झाडाला पाणी लागतं हे कुणालाही कळतं. मुळांना हवाही लागते, ही गोष्ट आपल्या भाषेनं एका शब्दात बांधून ठेवली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा शब्द आधी सांगायचं कारण असं की, ज्या झाडाविषयी लिहायचंय ते वर्षातले कित्येक आठवडे वाफसाच नसलेल्या जमिनीत उभं असतं. स्वॅम्प व्हाइट ओक, म्हणजे दलदलीतला पांढरा ओक. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात नद्यांचे सखल काठ, तळ्यांच्या कडा, हिवाळ्यानंतर पाणी तुंबून राहणारी सपाट जंगलं ही त्याची घरं. आणि हाच ओक न्यूयॉर्क शहराच्या ऐन काँक्रीटमध्ये, ९/११ च्या स्मारकाच्या चौकात, ४०० हून अधिक संख्येनं लावलेला आहे. चिखलातलं झाड फरसबंदीत का टिकतं? दोन्ही जागांचा एकमेकींशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो वाफशातच आहे.

ओक म्हणजे नेमका कोण

मराठी वाचकाला ओक म्हटलं की आधी आडनाव आठवतं. झाडाचा त्याच्याशी संबंध नाही. झाडाचं नाव इंग्रजीतून आलेलं. त्याला आपल्याकडे जुनं देशी नाव नाही, कारण सह्याद्रीत किंवा दख्खनच्या पठारावर एकही ओक मूळचा नाही. भारतातले ओक हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. उत्तराखंडात फिरून आलेल्यांनी बांज पाहिला असेल, तो ओकच.

तरी ओक मराठी घरांत पिढ्यानपिढ्या येतोय, फक्त ओळख न देता. बाळगुटीत मायफळ उगाळतात. ते फळ नव्हेच. पश्चिम आशियातल्या एका ओकाच्या कोवळ्या डहाळीत गांधीलमाशीच्या नात्यातली एक इवलीशी माशी अंडं घालते, आणि झाड त्या जागी गोटीएवढी गाठ तयार करतं. ती वाळलेली गाठ म्हणजे मायफळ. सहाणेवर उगाळलेल्या मायफळाची ती जीभ आवळून घेणारी तुरट चव टॅनिनची. ओकांच्या सालीत, पानांत, फळांत सगळीकडे हे टॅनिन असतं. पुढे खारींची गोष्ट येईल तेव्हा ते लक्षात ठेवायला हवं. बाटलीला लावतात ते अस्सल बूचही भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकाचीच साल.

जगात ओकाच्या ४०० हून अधिक जाती आहेत. अमेरिकेच्या पूर्व भागात फिरताना त्यांचे दोन गट ओळखता आले तरी पुष्कळ: पांढरे ओक आणि तांबडे ओक. तांबड्या गटातल्या पानांच्या टोकांना केसासारखी बारीक काटेरी अणी असते, पांढऱ्या गटातल्या पानांच्या कडा गोलसर असतात. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. पांढऱ्या ओकाचं फळ फुलल्याच्याच वर्षी पिकतं, तांबड्याचं बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी. फळ म्हणजे ते प्रसिद्ध एकॉर्न, खवल्यांच्या छोट्या वाटीत बसवलेली लांबट सुपारी म्हणा ना. आपला स्वॅम्प व्हाइट ओक नावाप्रमाणेच पांढऱ्या गटातला.

त्याचं शास्त्रीय नाव क्वेर्कस बायकलर. बर्लिनचे वनस्पतीशास्त्रज्ञ कार्ल लुडविग विल्डेनो यांनी १८०१ मध्ये ते दिलं. बायकलर म्हणजे दोन रंगांचा, आणि हे नाव ज्यानं झाड वाऱ्यात पाहिलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. पानाची वरची बाजू गडद, तकतकीत हिरवी. खालच्या बाजूला चांदणीच्या आकाराच्या सूक्ष्म केसांची दाट लव, त्यामुळे ती पांढुरकी, मखमली. वारा आला की अख्खं झाड क्षणभर चंदेरी होतं आणि पुन्हा हिरवं होतं. पान साधारण वीतभर लांब, टोकाकडे रुंद, देठाकडे निमुळतं, कडांना उथळ लाटा. कोवळ्या फांद्यांची साल कागदासारखी सुटून वळते. पेरूच्या खोडाची निघते तशी, फक्त जास्त खरबरीत. खोड जुनं झालं की राखाडी साल खोल चिरांनी फाटते. उंची साधारण २० मीटर, चांगल्या जागी ३० पर्यंत. आयुष्य ३०० वर्षांच्या पुढे जाऊ शकतं.

मे महिन्यात पानं फुटता फुटता फुलं येतात. ती कुणाच्या नजरेत भरत नाहीत, कारण परागीकरण वाऱ्यानं होतं आणि वाऱ्याला रंग-गंध दाखवायची गरज नसते. नर फुलांचे पिवळट हिरवे तुरे लोंबतात, मादी फुलं टाचणीच्या डोक्याएवढी. त्या एवढ्याशा फुलात सहा बीजांडं असतात, आणि साधारणपणे त्यातलं एकच बी होतं.

पाण्यात उभं राहणं म्हणजे श्वास कोंडणं

आता मूळ मुद्द्याकडे. दलदलीतल्या झाडाला पाणी आवडतं, असं आपण सहज म्हणून जातो. तुरीच्या शेतात चार दिवस पाणी तुंबलं की काय होतं, हे ज्यानं पाहिलंय तो वेगळं सांगेल. पानं पिवळी पडतात, शेंडे माना टाकतात. मुळं पाण्यात आणि पानं सुकलेली! हे चित्र विचित्र वाटतं, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे.

मूळ जिवंत आहे, म्हणजे ते श्वास घेतं. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेतून त्याला ऑक्सिजन मिळतो. पोकळ्या पाण्यानं भरल्या की वरून नवा ऑक्सिजन आत झिरपायला हवा. पण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मातीत जो शिल्लक असतो तो मुळं आणि सूक्ष्मजीव मिळून उन्हाळ्याच्या दिवसांत एखाद-दोन दिवसांत संपवतात. मग मुळांना ऑक्सिजनविना काम चालवावं लागतं. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूतून पेशीला ऊर्जेचे ३० च्या आसपास सुटे पैसे मिळतात, ज्यांना एटीपी म्हणतात. ऑक्सिजन नसताना मिळतात फक्त २. तेवढ्या मजुरीत मुळाचं घर चालत नाही. पेशीच्या आत आम्लता वाढते, पाणी आत घेणाऱ्या सूक्ष्म वाटा बंद होतात, आणि पाण्यात बुडालेलं मूळच वर पाणी पाठवू शकत नाही. पानं सुकतात ती त्यामुळे.

त्यातच मातीचं रसायन फिरतं. ऑक्सिजन संपल्यावर मातीतले जीवाणू श्वासासाठी दुसऱ्या वस्तू वापरायला लागतात: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. तांबूस लोह पाण्यात विरघळतं आणि माती राखाडी, निळसर होते. भाताच्या खाचरात पाय घातला की वरच्या थराखाली हाच राखाडी चिखल लागतो, आणि कधी सडलेल्या अंड्याचा वास येतो तो सल्फेट वापरणाऱ्या जीवाणूंचा. विरघळलेलं लोह आणि मँगनीज जास्त झालं तर मुळांना विष होतं.

म्हणजे दलदल ही पाण्यानं समृद्ध आणि हवेनं कंगाल जागा आहे. तिथे राहायचं तर झाडाला जास्त पाण्याची सोय लागत नाही, कमी हवेत भागवण्याची लागते.

भातानं ती सोय देहातच केली. त्याच्या खोडापासून मुळापर्यंत पोकळ नळ्यांसारखी वायुऊती असते, तिच्यातून हवा खाली उतरते. खाडीतल्या तिवरानं श्वासासाठी मुळांची टोकं खिळ्यांसारखी चिखलातून वर काढली. आपल्याच सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे गोड्या पाण्याची एक दुर्मीळ दलदल आहे, तिथली जायफळाच्या कुळातली झाडं गुडघ्यासारखी वाकवलेली मुळं वर काढून श्वास घेतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या रायीतही असंच जंगल आहे.

स्वॅम्प व्हाइट ओक यातलं इतकं ठळक काही करत नाही. त्याच्या बुंध्याशी तुम्हाला गुडघे दिसणार नाहीत, खिळे दिसणार नाहीत. पाणी सोसणारे ओक बारीकसारीक तजवीज करतात. सालीवर जे छोटे उंचवटे असतात, ज्यांतून खोड हवा घेतं, ती वल्करंध्रं पाण्याच्या रेषेजवळ फुगतात आणि मोकळी होतात. जुनी मुळं गुदमरली तर पृष्ठभागाजवळ, जिथे थोडी तरी हवा आहे, तिथे नवी मुळं फुटतात. मुळांचा बराचसा पसारा उथळच राहतो. आणि वाढ मंदावते, साठवलेला स्टार्च पुरवून वापरला जातो.

एवढ्यावर कसं भागतं? याचं उत्तर ऋतूंत आहे, आणि मला या झाडाच्या चरित्रातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्या प्रदेशात पूर मुख्यतः येतो तो हिवाळा सरताना, बर्फ वितळून. त्या वेळी ओक झोपलेला असतो. पान नाही, वाढ नाही. थंडीत मुळांचा श्वास अगदी मंद असतो, आणि गार पाण्यात ऑक्सिजनही उन्हाळ्यातल्या पाण्यापेक्षा जास्त विरघळलेला असतो. गरज कमी, पुरवठा थोडा बरा. पालवी फुटायच्या सुमाराला पाणी बहुतेक ओसरलेलं असतं. ओक तसाही इतर बऱ्याच झाडांपेक्षा उशिरा पालवतो. त्याच्या लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या हिवाळ्यातल्या गोठण्यानं हवेचे बुडबुडे अडकून निकामी होतात, त्यामुळे दर वसंतात त्याला आधी नळ्यांचा नवा थर घालावा लागतो. पुराला यायला आणि जायला तेवढाच अवधी मिळतो.

आपल्याकडे उलट आहे. आपला पूर आणि आपली वाढ एकाच वेळी येतात. आषाढ-श्रावणात झाड भरात असतं, माती उबदार असते, मुळांची भूक मोठी असते, आणि नेमकं तेव्हाच पाणी भरतं. बांबर्ड्याच्या झाडांना श्वासाची मुळं बाहेर काढावी लागतात आणि या ओकाला लागत नाहीत, हा फरक मला या वेळापत्रकाशी जोडूनच पाहावासा वाटतो.

हेच वेळापत्रक मोडलं की ओक हरतो. बीव्हर या प्राण्यानं ओढ्यावर बांध घातला आणि पाणी वर्षभर साचलं तर तिथले ओक काही वर्षांत उभ्या उभ्या वाळतात. दक्षिणेकडचा बॉल्ड सायप्रस कायमच्या पाण्यात उभा राहतो. या ओकाची ती ताकद नाही. त्याला पाणी येऊन जायला हवं.

मग तो तिथे का राहतो?

नर्सरीवाल्यांचा अनुभव असा की निचऱ्याच्या चांगल्या, कसदार जमिनीत लावला तर हा ओक दलदलीपेक्षा बरा वाढतो. मग जंगलात तो तिथे का नसतो? कारण तिथे गर्दी आहे. सावलीत रोपं वाढवू शकणारी शुगर मेपल आणि बीच ही झाडं चांगली जमीन व्यापून टाकतात, आणि त्यांच्या दाट सावलीत ओकाचं रोप तग धरत नाही. चिबड जमिनीवर मात्र ते प्रतिस्पर्धी गुदमरतात, वर थोडं आकाश मोकळं राहतं. झाड जिथे राहतं ती त्याची आवडती जागा असते, हे समीकरण निसर्गात पुष्कळदा चुकतं. ती जागा इतरांना न परवडलेली असते.

कॅनडातल्या क्यूबेक-ऑन्टॅरिओच्या दक्षिण टोकापासून मिनेसोटा, आयोवा, मिसूरीपर्यंत आणि खाली टेनेसीपर्यंत हा ओक तुरळक सापडतो. सगळ्यांत जास्त तो न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात आणि ओहायोच्या उत्तरेला. ओहायोच्या वायव्येला एके काळी ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाची अफाट दलदल होती, एल्म, अ‍ॅश आणि या ओकाच्या जंगलानं भरलेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घालून ती जवळपास सगळी कोरडी केली गेली, आणि आज तिथे मका-सोयाबीनची सुपीक शेती आहे. सांगली-कोल्हापूरकडे चिबड, क्षारपड झालेल्या उसाच्या रानात सच्छिद्र पाइप पुरून निचरा करतात, तंत्र तेच. फरक इतका की आपल्याकडची चिबड बऱ्याच अंशी अतिपाण्यानं माणसानं केलेली, आणि ओहायोतली हजारो वर्षांची होती. तिथे जमिनीला वाफसा आला आणि जंगल गेलं. शेतकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण ते जंगल आता पुन्हा पाहता येणार नाही याची हळहळ वाटतेच.

या ओकाचं सगळ्यांत नावाजलेलं झाड न्यूयॉर्क राज्यात जेनेसीओ गावाजवळ, जेनेसी नदीच्या काठावर होतं. वॉड्सवर्थ घराण्याच्या जमिनीतलं म्हणून त्याला वॉड्सवर्थ ओक म्हणत. घेर आठ मीटरच्या आसपास. याच परिसरात १७९७ मध्ये तिथल्या मूळनिवासी सेनेका लोकांशी झालेल्या करारात त्यांच्या जमिनीचा फार मोठा भाग गेला. तो करार 'बिग ट्री'चा करार म्हणूनच ओळखला जातो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नदीनं काठ खाल्ला आणि ते झाड कोसळलं.

फळाची घाई

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळं पिकतात. ओळखायची खूण अगदी सोपी: साध्या व्हाइट ओकाचं फळ फांदीला जवळजवळ चिकटलेलं असतं, याचं मात्र बोटभर लांब देठावर लोंबतं, बऱ्याचदा जोडीनं. झाड साधारण विशीत आलं की फळायला लागतं, आणि भरघोस फळ दर तीन ते पाच वर्षांनी येतं. आंब्याला जसा एक वर्षाआड मोहोर जास्त, तसंच काहीसं, फक्त ओकाचं अंतर मोठं.

पांढऱ्या गटातलं एकॉर्न पडलं की थांबत नाही. तांबड्या ओकाचं बी हिवाळाभर झोपतं, याचं आठवड्या-दोन आठवड्यांत मूळ बाहेर येतं. पानगळीत मूळ जमिनीत, कोंब मात्र वसंतात. या घाईमागे एक मोठा खेळ आहे, आणि त्यातला दुसरा खेळाडू खार. तांबड्या एकॉर्नमध्ये चरबी जास्त आणि मायफळाचं ते टॅनिनही जास्त. ते टिकतं, म्हणून खार ते पुरून ठेवते. पांढरं एकॉर्न कमी तुरट, आणि उगवून हातचं जाणार, म्हणून ती बहुधा तिथेच खाऊन टाकते. पुरायचंच असेल तर अमेरिकेतली करडी खार काय करते पाहा: टोकाशी दातानं कुरतडून आतला अंकूर काढून टाकते, आणि मग पुरते. बी मेलं, साठा टिकला. बी घाई करतं ते खारीला चुकवायला, आणि खारीनं त्या घाईवर उपाय काढला. ब्लू जे नावाचा निळा पक्षी मात्र एकॉर्न दूरवर नेऊन पानांखाली लपवतो आणि त्यातली बरीच विसरतो. ओकांची नवी रानं अशा विसरण्यातून उभी राहतात.

पाणथळ जागेत ही घाई अंगलटही येऊ शकते, कारण उगवलेलं कोवळं रोप पुरात बुडालं तर संपलं. मिसिसिपीच्या खोऱ्यात, जिथे पूर जास्त खोल आणि जास्त दिवस असतो, तिथल्या ओव्हरकप ओकानं वेगळी वाट धरली. तोही पांढऱ्या गटातलाच, पण त्याच्या एकॉर्नची वाटी जवळजवळ सगळं फळ झाकून टाकते, फळ पाण्यावर तरंगत जातं, हिवाळाभर झोपून राहतं आणि पाणी ओसरल्यावरच उगवतं. पालवीही तो फार उशिरा फोडतो. पुराचा मुक्काम जिथे लांबतो तिथे झाडाचं पंचांगही पुढे सरकतं.

लाकडातला बंदोबस्त

लाकडाविषयी थोडक्यात, पण सांगायला हवंच. बाजारात या ओकाचं लाकूड व्हाइट ओक म्हणूनच विकलं जातं, वेगळं काढत नाहीत. पांढऱ्या गटाची खासियत अशी की खोडाचा मधला भाग जुना होत जाताना त्या रुंद नळ्यांमध्ये शेजारच्या पेशी फुग्यांसारख्या फुगून शिरतात आणि नळ्या बुजवून टाकतात. या फुग्यांना टायलोस म्हणतात. तांबड्या ओकाच्या लाकडाच्या काठीत एका टोकानं फुंकलं तर दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडबुडे येतात. पांढऱ्याच्या मधल्या लाकडात हवा जात नाही. दारूची पिंपं पांढऱ्या ओकाची का, ते एवढ्यात कळतं. अमेरिकेत बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकाच्या पिंपातच मुरवावी लागते, तसा कायदाच आहे.

आणखी एक सवय: हा ओक शेजारच्या जातींशी सहज संकर करतो. व्हाइट ओकाशी, बर ओकाशी, ओव्हरकपशीही. इतकंच काय, युरोपातला इंग्लिश ओक अमेरिकेत लावल्यावर त्याच्याशीही, आणि त्या संकरातून निवडलेली सरळसोट उंच झाडं आता रस्त्यांच्या कडेला लावतात. रानात एखादं पान पुस्तकातल्या चित्राशी जुळलं नाही तर आपलं चुकलं असं लगेच मानायचं कारण नाही.

दलदलीतून चौकात

शहरातल्या फुटपाथखालची माती हाती घेऊन पाहिली तर वाफशाची परीक्षा ती कधीच पास होणार नाही. बांधकामाच्या वेळी रोलर फिरलेला, वरून माणसं आणि गाड्या, त्यावर फरशी. पोकळ्या चेपून गेलेल्या. जी हवा दलदलीत पाणी हिरावून घेतं, तीच इथे वजन हिरावून घेतं. मुळाच्या दृष्टीनं दोन्हीकडे दु:ख एकच: श्वास पुरत नाही. ज्या झाडाच्या शेकडो पिढ्या कमी हवेत भागवत आल्या, त्याला फुटपाथ इतरांइतका परका वाटत नाही.

कोरड्याचं काय? इथेही दलदलीचीच तालीम कामाला येते. वसंतात तुंबलेली ती जमीन उन्हाळ्याच्या शेवटी बऱ्याचदा वरून खडखडीत वाळते, आणि पाण्यामुळे उथळ राहिलेली मुळं नेमकी त्याच वाळलेल्या थरात सापडतात. एकाच वर्षात महापूर आणि कोरड दोन्ही पाहिलेलं झाड ते.

न्यूयॉर्कचं स्मारक ११ सप्टेंबर २०११ ला, हल्ल्याला दहा वर्षं झाली त्या दिवशी उघडलं. वास्तुरचनाकार मायकेल अराद आणि उद्यानरचनाकार पीटर वॉकर यांनी दोन मनोऱ्यांच्या जागी खोल जलाशय ठेवले, भोवती ब्राँझच्या कठड्यावर २,९८३ नावं कोरली, आणि सभोवार हे ओक लावले. वरून ती जमीन वाटते, पण तो खरं तर एक छप्पर आहे. खाली संग्रहालय आणि रेल्वेचं स्थानक. म्हणून फरशी आधारावर तोलून धरलेली आहे, म्हणजे तिचं आणि माणसांचं वजन मातीवर येत नाही आणि पोकळ्या शाबूत राहतात. हजारो माणसं रोज ज्यावरून चालतात त्या फरशीखाली वाफसा राखून ठेवलाय. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्या चौकाकडे बघायची माझी नजरच बदलली. शरदात ही झाडं एकाच दिवशी रंग पालटत नाहीत. एक पिवळं, शेजारचं अजून हिरवं, पलीकडचं तपकिरी. तिथलं 'सर्व्हायव्हर ट्री' म्हणून दाखवतात ते झाड मात्र ओक नव्हे, ते कॅलरी पेअर, म्हणजे नासपतीच्या जातीतलं झाड आहे. पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून सांगितलं.

या ओकाची एक दुबळी बाजूही आहे: चुनखडीची जमीन. चुन्याच्या, अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडे चुनखडीच्या रानात उसाला केवडा पडतो, तोच प्रकार. त्याचा नातेवाईक पिन ओक, जो अमेरिकेतल्या अनेक उपनगरांत रांगेनं लावलेला दिसतो, तर यासाठी कुप्रसिद्धच आहे. सिमेंटच्या चुऱ्यानं शहरातली माती अल्कधर्मी होत जाते, त्यामुळे लावण्याआधी मातीचा सामू, म्हणजे ती किती आम्ल किंवा अल्क आहे ते, तपासून घेतलेला बरा.

न्यू जर्सीत, पेनसिल्व्हेनियात, ओहायोत राहणाऱ्या मराठी घरांच्या आसपास हा ओक असण्याची चांगली शक्यता आहे. ओढ्याकाठच्या सखल रानात बघा. पान उलटवा, पांढरी लव दिसेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खाली लांब देठाचं फळ सापडेल. ते आपल्या अंगणातलं असेल किंवा उचलायची परवानगी असेल, तर काही फळं घरी आणून पाण्याच्या भांड्यात टाका. तरंगतील ती बहुतेक किडकी किंवा वाळलेली. बुडतील त्यांतलं एक खोल कुंडीत बोटाच्या पेराएवढं खाली आडवं पुरा, आणि कुंडीवर जाळी घाला, खार वास काढत येतेच. भारतात घेऊन जायचा मोह मात्र आवरा. बियाणं परवानगीशिवाय नेता येत नाही, आणि गोठवणारा हिवाळा नसेल तर या झाडाचं पंचांगच जुळणार नाही. कुंडी बाहेर थंडीतच ठेवा. वर वसंतापर्यंत काही दिसणार नाही, मातीखाली मात्र मूळ तळाकडे निघालेलं असेल.